माळ वाढू नये म्हणून: हूक बसवण्याचं काम

बाईच्या गळ्यातली पोत तुटली तर आपल्याकडे ‘तुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. शब्द बदलला तरी मणी काही परत येत नाहीत. गोव्यातल्या केरी–तेरेखोलच्या फेरीबोटीत माझी लाल काचमण्यांची माळ अशीच वाढली. बोट धक्क्याला लागायला आणि माझी माळ सुटायला एकच गाठ पडली. साठेक मणी लोखंडी उतारावरून टणटणत नदीत गेले. माळ मीच ओवलेली, त्यामुळे बोल लावायला दुसरं कुणी नव्हतं. हातात हूक तेवढा राहिला, अगदी शाबूत. त्याच्या कडीत दोऱ्याचं टोक लोंबत होतं. एका झटक्यात तुटलेल्या दोऱ्याचं टोक सरळ असतं, हे मात्र पिंजलेलं होतं. जणू कुणी महिनाभर बसून कुरतडलं असावं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. माळ वजनाने क्वचित तुटते, घासून तुटते. बायका विचारतात, ‘हा दोरा किती वजन पेलेल?’ मी उलट विचारते, हा दोरा कशाला घासणार आहे? मण्याच्या भोकाची धार, हुकाची कडी, दाबलेल्या लॉकचं (दोऱ्याचं टोक पकडणाऱ्या नळीचं) तोंड ही घासण्याची तीन ठिकाणं, आणि तिन्ही माळेच्या शेवटच्या अर्ध्या इंचात येतात. पुढचं सगळं त्या अर्ध्या इंचाबद्दल आहे.

आणखी एक शब्द बघा. मंगळसूत्र आपण पटवेकऱ्याकडून ‘गाठवून’ घेतो. मणी ओवणं सोपं, पोरंही ओवतात. गाठवणं म्हणजे शेवट बांधणं, आणि पटवेकरी पैसे घेतो ते त्याचेच.

दोरा आधी, हूक नंतर

आपण आधी सुंदर हूक निवडतो आणि मग त्याला दोरा शोधतो. क्रम उलटा हवा, कारण हूक कसा बसवायचा हे दोऱ्यावर ठरतं आणि दोरा मण्यावर. मण्याच्या भोकात सुई घालून हलकेच फिरवून बघा. खरखर लागली तर आत धार आहे. काचमणी, दगडाचे मणी आणि धातूचे स्वस्त मणी यांत ती हमखास सापडते. अशा मण्यांना गियर वायर घ्या. पोलादाच्या बारीक तारा पिळून वर नायलॉनचं आवरण दिलेली ही वायर ७, १९ किंवा ४९ तारांची येते. तारा जितक्या जास्त तितकी ती मऊ आणि पडायला छान. ७ तारांची वायर एकदा मुडपली की ती घडी जन्मभर जात नाही, म्हणून मी ती फक्त शिकणाऱ्यांच्या हातात देते. रोजच्या माळेला ०.३८ मिलीमीटर जाडीची १९ किंवा ४९ तारांची वायर पुरते.

मोती, पोवळं आणि गुळगुळीत भोकाचे हलके मणी रेशमात किंवा पिळाच्या नायलॉन दोऱ्यात शोभतात.

राहिला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी. आमच्या पेडण्यात घरोघरी कुणीतरी गरवायला जातं, त्यामुळे तंगूस घरात असतोच आणि पहिली माळ त्यातच ओवली जाते. माझीही. तंगूस उन्हात पिवळा पडतो, कडक होतो आणि ताणला की लांबतो. त्याची गाठही घसरते, कारण अंग गुळगुळीत. मासा धरण्यासाठी तो केलेला आहे, तिथेच राहू द्या.

आता हूक. गोव्यात जून ते सप्टेंबर पाऊस, बाकीचे महिने घाम आणि खारी हवा. साध्या मुलामा दिलेल्या हुकाचा रंग मानेवर घासून उडतो आणि खालचं पितळ हिरवं पडतं. नांगीसारख्या मिटणाऱ्या लॉबस्टर हुकात बारीक स्प्रिंग असते. बाहेरून हूक चकचकीत दिसतो, आत स्प्रिंग गंजून खटका अडकतो. समुद्रावर फिरणाऱ्यांसाठी स्टेनलेस स्टीलचा हूक घ्या, आणि त्यातही ३१६ क्रमांकाचा मिळाला तर उत्तम. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे नेहमीच्या ३०४ पेक्षा तो मिठापुढे जास्त टिकतो. चांदी काळी पडते, पण घासली की उजळते.

प्रकारांत मला स्वतःला ‘एस’ हूक सर्वात आवडतो. त्याला खटका नाही, स्प्रिंग नाही, अडकायला काहीच नाही. जड माळेच्या वजनाने तो आपोआप ओढलेला राहतो. हलक्या माळेला मात्र तो चालत नाही, मानेवर उलटा होऊन निसटतो. टॉगल म्हणजे गोल कडी आणि त्यातून आडवी जाणारी काडी. तो हातातल्या माळेला बरा, पण काडीच्या बाजूचे शेवटचे तीन-चार मणी बारीक हवेत. जाड मणी काडीला चिकटून असला तर काडी कडीतून वळतच नाही, मग गिऱ्हाईक जोर लावतं आणि आपली गाठ ढिली होते. फिरकीचा हूक लावताना प्रत्येक वेळी दोऱ्याला पीळ बसतो, म्हणून मी तो वापरत नाही. लोहचुंबकाचा हूक सांधे दुखणाऱ्या वयस्क बायकांना सोयीचा आहे, पण हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाला तो देऊ नका. विकताना विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाकी सगळ्याला १२ मिलीमीटरचा लॉबस्टर.

गियर वायर आणि लॉक

बाजारात ज्याला गियर लॉक म्हणतात ती म्हणजे मऊ धातूची बारीक नळी. ०.३८ च्या वायरला २ मिलीमीटरची नळी घ्या. नळी सैल असेल तर वायर आत सरकते, घट्ट असेल तर दुसऱ्यांदा जातच नाही. साध्या गोल मण्यासारखे लॉकही मिळतात, पण नळी चांगली. दाबल्यावर तिची पकड लांबभर बसते.

माळेच्या लांबीपेक्षा ६ इंच जास्त वायर कापा. १८ इंचांची माळ असेल तर २४ इंच. ही वायर वाया जाते असं वाटून बायका ३ इंचांवर भागवतात आणि शेवटी पक्कड धरायला टोकच उरत नाही.

वायरमध्ये आधी लॉक ओवा, मग हुकाची कडी, आणि टोक परत त्याच लॉकमधून उलटं आणा. आता वायरचा एक फास तयार झाला. तो किती मोठा ठेवायचा, यावर सगळं ठरतं. अगदी आवळला तर हूक हलू शकत नाही. मान वळली की तो वायरला एकाच जागी मुडपतो, आणि पुन्हा पुन्हा मुडपलेली तार तुटते हे आपण लहानपणी डब्याच्या तारेवर केलेलंच आहे. फार मोठा ठेवला तर वायर उघडी दिसते आणि केसांत अडकते. दोन मिलीमीटर पुरे. हूक बोटाने हलवला तर तो दोन्हीकडे मोकळा लोंबकळला पाहिजे. अधिक काळजी घ्यायची तर फासात वायर गार्ड घाला. घोड्याच्या नालेसारखी ही छोटी पन्हळ असते, वायर तिच्यातून जाते आणि हुकाची कडी वायरला न घासता पन्हळीला घासते. माझ्या हातून विकायला जाणाऱ्या प्रत्येक माळेत ती असते. स्वतःसाठी करताना मी कधीकधी आळस करते, ते वेगळं.

आता दाबणं. क्रिम्पिंग पक्कडीच्या जबड्यात दोन खाचा असतात. मुठीच्या बाजूची चंद्रकोरीसारखी, टोकाची गोल. दाबण्याआधी लॉकमधल्या दोन्ही तारा एकमेकींना समांतर आहेत का ते बघा. एकमेकींवर चढलेल्या तारा दाबल्या तर वरची खालचीला कापते, आणि हे नंतर बाहेरून कळत नाही. लॉक चंद्रकोरीच्या खाचेत ठेवून एकदा दाबा. मध्ये पन्हळ पडते आणि प्रत्येक तार आपापल्या कप्प्यात जाते. मग लॉक पाव वळण फिरवा म्हणजे पन्हळ बाहेरच्या बाजूला येईल, आणि टोकाच्या गोल खाचेत धरून दाबा. दोन्ही कप्पे एकमेकांवर मिटतात आणि नळी परत गोलसर होते. पहिला दाब न देता थेट गोल खाचेत दाबणारे बरेच भेटतात. लॉक दिसायला छान होतो, पण तारा आत मोकळ्याच राहतात.

नुसती चपटी पक्कड असेल तर लॉक सपाट दाबून काम भागतं. पण सपाट लॉकच्या कडा धारदार होतात. त्यावर नखाएवढं गोल झाकण, म्हणजे क्रिम्प कव्हर, चढवा, नाहीतर मानेला ओरखडे येतात. दाबताना लॉक चिरला तर तो काढून टाका. ‘एवढं चालतं’ म्हणू नका. चिरलेल्या लॉकची धार म्हणजे वायरवर ठेवलेलं पातंच.

दाबून झालं की हूक एका पक्कडीत आणि वायर बोटात धरून खेचा. जरासुद्धा सरकलं तर कापून नव्याने करा. मग दोन-अडीच मिलीमीटरचा एक बारीक मणी ओवा आणि त्यानंतर माळेचे मणी. उरलेलं टोक या पहिल्या तीन-चार मण्यांतून आत जाऊ द्या आणि मगच कापा. लॉकला चिकटून टोक कापलं की तो बारीक काटा बाहेर राहतो आणि साडीच्या काठाचा धागा ओढतो. बारीक मण्याचं काम हे, की लॉकची कड मोठ्या मण्याच्या भोकात शिरून धारेला टेकू नये.

दुसऱ्या टोकाची तऱ्हा जरा निराळी आहे. तिथेही लॉक, कडी, परत लॉक, परत तीन-चार मणी असंच, पण दाबण्याआधी माळ टेबलावर सरळ ठेवू नका, गळ्यासारखी गोल वळवून ठेवा. सरळ माळ घट्ट आवळून लॉक दाबला आणि मग माळ वळली की मण्यांना जागा उरत नाही. माळ काठीसारखी ताठ उभी राहते आणि सगळा ताण दोन लॉकांवर येतो. गोल ठेवल्यावर मण्यांमध्ये एकूण एखाद-दोन मिलीमीटर फट दिसली पाहिजे. ही फट बघून नवशिक्या बायका अस्वस्थ होतात. माळ गळ्यात घातली की ती दिसत नाही.

रेशीम, मोती आणि दबका

मोत्यांना गियर वायर घालू नका. पोलादाची तार मोत्याचं भोक आतून मोठं करते. रेशीम किंवा पिळाचा नायलॉन घ्या. भोकातून दोरा तीनदा जाईल इतपतच जाड हवा, हे एका मोत्यावर आधीच बघा. रेशीम ताणल्यावर लांबतं. रात्रभर एखादं हलकं वजन बांधून लोंबकळत ठेवा म्हणजे जे लांबायचं ते आधीच लांबेल.

इथे हुकाची कडी दोऱ्याला घासू नये म्हणून जरदोजीवाल्यांकडचा दबका कामाला येतो. भरतकामाचा तो स्प्रिंगसारखा पोकळ सोनेरी तुकडा. परदेशी पद्धतीत मोत्यांच्या माळेला ज्याला फ्रेंच वायर म्हणतात तीही अशीच बारीक तारेची पोकळ वेटोळी. त्याचे ८ ते १० मिलीमीटरचे तुकडे कात्रीने कापा आणि ओढू नका. एकदा उसवला की दबका परत मिटत नाही.

सुईत दोरा घेऊन टोकाला तात्पुरती गाठ मारा. तीन मोती ओवा, मग दबक्याचा तुकडा, मग हुकाची कडी. सगळं गाठीकडे सरकवा, पण शेवटी चार बोटं दोरा मोकळा ठेवा. आता सुई हुकाजवळच्या मोत्यातून उलटी आत घाला आणि ओढा. दबका वळून त्याचा गोल फास होतो आणि कडी त्यात अडकते. दोरा कुठेही उघडा दिसत नाही. हा पहिला फास जमला की बायकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पहिल्या मोत्यातून बाहेर आलेल्या दोऱ्याने मुख्य दोऱ्याभोवती गाठ मारा. गाठ आवळण्याआधी तिच्या फासात सुई अडकवा आणि सुईनेच गाठ मोत्याच्या तोंडापर्यंत ढकलत न्या, मग सुई काढून आवळा. नुसत्या बोटांनी गाठ मोत्यापासून एक मिलीमीटर अलीकडेच बसते, आणि तो एक मिलीमीटर पुढे घासत राहतो. दुसऱ्या मोत्यातून जाऊन गाठ, तिसऱ्यातून जाऊन गाठ. तात्पुरती गाठ सोडा आणि उरलेलं टोक कापा. पुढची माळ नेहमीसारखी, प्रत्येक मोत्यानंतर एक गाठ. शेवटचे तीन मोती मात्र गाठी न मारता ओवायचे, दबका आणि कडी घालायची आणि परत येताना त्यांच्यामध्ये गाठी मारायच्या.

गाठीला गोंद लावावा का, हा वादाचा विषय. झटपट चिकटणारा पाण्यासारखा गोंद लावू नका, असं माझं स्पष्ट मत. तो हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतो, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात तो झटकन बसतो आणि आजूबाजूला पांढुरकी पूड सोडतो. शिवाय तो दोऱ्यात चढतो आणि दोरा काडीसारखा कडक करतो. मग गाठ सुटत नाही हे खरं, पण गाठीला लागून दोरा मोडतो. दागिन्यांसाठीचा पातळ, सुकल्यावर मऊ राहणारा गोंद मिळतो. तो सुईच्या टोकाने, एक थेंब, आणि रात्रभर हात लावायचा नाही. नायलॉनच्या टोकाला लायटरची आच दाखवून गोळा करता येतो. रेशमाला आच दाखवू नका, ते वितळत नाही, जळतं.

दबका न मिळाल्यास तिसरीच्या शिंपल्यासारखी उघडणारी टोपी असते, बाजारात बीड टिप म्हणून मिळते. दोरा तिच्या तळाच्या भोकातून वर आणा, दोन वेढ्यांची गाठ मारा, तीत एक बारीकसा मणी अडकवा म्हणजे गाठ भोकातून निसटणार नाही, गोंदाचा थेंब टाका आणि शिंपला मिटा. टोपीचा आकडा हुकाच्या कडीत घालून गोल नाकाच्या पक्कडीने पूर्ण वळवा. अर्धवट वळलेला आकडा हा माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या माळांमधला नेहमीचा पाहुणा आहे.

कडी उघडायची कशी

हूक आणि माळ यांच्यामध्ये बहुधा एक छोटी कडी असते. ती दोन पक्कडींनी धरून एक टोक आपल्याकडे, दुसरं समोर असं पिळून उघडा. बाजूला फाकवून उघडली तर ती पुन्हा कधीच गोल होत नाही. मिटतानाही पिळून, थोडी जागेपुढे नेऊन परत आणा, म्हणजे टोकं एकमेकांना दाबून बसतात. सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर दोरा निसटेल. आणि दोरा उघड्या सांध्याच्या कडीला थेट बांधूच नका, तो एक दिवस फटीतून बाहेर येतोच. तिथे झाळलेली कडी हवी. बाजारात तयार मिळते, नाहीतर गावातल्या शेटकडून, म्हणजे सोनाराकडून झाळून घ्या.

तारेची जाडी गेजमध्ये मोजतात. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे नवीन माणसाला उलटं वाटतं. १८ गेज म्हणजे सुमारे १ मिलीमीटर, २० गेज म्हणजे ०.८. हुकाजवळची एक कडी मी मुद्दाम २० गेजची ठेवते. स्कूटरवर ओढणीत माळ अडकली किंवा कडेवरच्या पोराने ओढली तर ती कडी उघडावी. मानेत वायर रुतू नये आणि मणीही सांडू नयेत. पोरांवरून आठवलं, तीन वर्षांखालच्या मुलाला मण्यांची माळ घालू नका, हूक कितीही पक्का असो.

तपासून बघायचं तर माळ खिळ्याला टांगून खालच्या टोकाला अर्धा किलो साखरेची पिशवी रात्रभर लटकवते. सकाळी लॉकजवळचे मणी सरकलेले दिसले तर ते टोक पुन्हा करते. मग हूक वीस-पंचवीस वेळा लावते, काढते, डाव्या हातानेसुद्धा.

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात माळ घेणारा पाहुणा ती घालूनच समुद्रात उतरतो. त्याला मी हूक गोड्या पाण्यात बुडवून पुसायला सांगते. तो मान डोलावतो. गावातल्या बायकांना पावसाआधी माळा बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवायला सांगते. गणपतीच्या चवथीच्या पंधरा दिवस आधी त्या माळा घेऊन येतात. मी दिव्याखाली फक्त शेवटचा अर्धा इंच बघते. हुकाचा खटका जड लागला तर हूक बदलून देते. दोरा जरा जरी पिंजलेला दिसला तर मणी मोजून वाटीत काढून ठेवते आणि माळ नव्याने गाठवते.